'मनापासून' आणि 'पुरेपूर': इंग्रजीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न: माझी मुलगी परदेशातल्या विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करते आहे. सोबतच्या निवेदनात तिनं एकाच परिच्छेदात 'डिव्होटेड', 'डेडिकेटेड', 'कमिटेड', 'पॅशनेट' आणि 'होलहार्टेड' असे पाच शब्द घातले आहेत. मी म्हटलं, अगं, हे सगळे एकच. ती म्हणते, नाही. कोणाचं बरोबर?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: शब्द वेगळे आहेत हे मुलीचं म्हणणं बरोबर. पण पाचही एका परिच्छेदात कोंबले, तर वाचणाऱ्यालाही ते तुमच्यासारखेच एकसारखे वाटणार. म्हणजे व्यवहारात तुमचंही बरोबर! एकेक करून पाहू.

'डिव्होटेड'च्या पोटात नवस आहे. लॅटिनमध्ये 'व्होटुम' म्हणजे नवस किंवा शपथ. आपण निवडणुकीत देतो ते 'व्होट'ही याच शब्दातून आलं. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ नवस बोलून देवाला वाहून टाकणं. प्राचीन रोममध्ये या नावाचा एक विधीच होता. लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की इ.स.पू. ३४० मध्ये व्हेसुव्हियस पर्वताजवळच्या लढाईत रोमन फळी मागे हटू लागली, तेव्हा पब्लिअस डेसिअस मुस या सेनापतीनं पुरोहिताला बोलावलं, तो सांगेल तसे मंत्र म्हटले, स्वतःला आणि शत्रूच्या सैन्याला पाताळातल्या देवांच्या हवाली केलं आणि घोड्यावर बसून शत्रूच्या गर्दीत घुसला. तो पडला, पण लढाई रोमनांनी जिंकली. पुढे इ.स.पू. २९५ मध्ये सेंटिनमच्या रणात त्याच्या मुलानंही तेच केलं.

आज 'डिव्होटेड' म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे हे रण येत नाही. तरी शब्दाचा पिंड तोच राहिला आहे. माणूस स्वतःला कोणाला तरी वाहून टाकतो, आणि तेही प्रेमानं, दीर्घकाळ. म्हणून 'डिव्होटेड मदर', म्हणून रुग्णांसाठी आयुष्य वेचणारा 'डिव्होटेड' डॉक्टर. ज्या विद्यापीठाचं फाटकही अजून पाहिलेलं नाही, त्याच्याविषयी 'डिव्होटेड' लिहिणं म्हणजे साखरपुड्याआधीच मंगळागौर मांडणं.

'डेडिकेटेड' त्या मानानं शांत डोक्याचा शब्द. मूळ अर्थ, एखादी गोष्ट एकाच कामासाठी विधिपूर्वक राखून ठेवणं. यात भावना असू शकते, पण असायलाच हवी असं नाही. उत्तरेतल्या दादरीपासून नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे येणारा मालगाड्यांचा खास लोहमार्ग 'डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉर' आहे. तो मालगाड्यांसाठी राखीव आहे, एवढंच. त्याला 'डिव्होटेड' म्हणून पाहा, म्हणजे दोन शब्दांतला फरक लगेच कानाला जाणवेल.

हा फरक पाहायचा तर अब्राहम लिंकन यांचं गेटिसबर्गचं भाषण घ्यावं. १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनियातल्या या गावी अमेरिकी यादवीतली मोठी लढाई झाली. मृत सैनिकांच्या दफनभूमीचा अर्पणविधी १९ नोव्हेंबरला होता. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. लिंकन दोन-तीन मिनिटंच बोलले, पावणेतीनशेच्या आसपास शब्द. त्या एवढ्याशा भाषणात 'डेडिकेट'ची रूपं सहा वेळा येतात. आधी राष्ट्र एका तत्त्वाला वाहिलेलं, मग जमिनीचा तुकडा सैनिकांना वाहायला आपण जमलो आहोत, मग ही भूमी वाहणारे आपण कोण, आणि शेवटी जिवंत असलेल्या आपणच उरलेल्या कामाला स्वतःला वाहून घ्यायचं, अशी ती चढण आहे. राष्ट्र, जमीन, माणसं, सगळ्यांना हा एक शब्द चालला. 'डिव्होशन' मात्र शेवटाकडे फक्त दोनदा येतो, आणि दोन्हीकडे तो मेलेल्यांनी जे दिलं त्याच्याशी बांधलेला आहे. जमिनीसाठी लिंकन यांनी तो वापरला नाही.

'कमिटेड'मध्ये बांधिलकी आहे. इथे वचन आधी, भावना नंतर. इंग्रजीत गुन्हाही 'कमिट' होतो, मजकूर स्मरणाच्या हवालीही 'कमिट' होतो, आणि आरोपीला तुरुंगातही 'कमिट' करतात. सगळीकडे धागा एकच, की आता माघार नाही. म्हणून करार, मुदत, धोरण, संस्था यांच्या संदर्भात हा शब्द शोभतो. अर्जातही तो चालतो, पण पुढे कशाबद्दलची बांधिलकी ते लिहावं लागतं. नुसता 'कमिटेड' लोंबकळतो.

'पॅशनेट' हा आजकालच्या अर्जांमधला सर्वांत झिजलेला शब्द. त्याचं लॅटिन मूळ सोसण्याचं आहे. ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या यातनांना म्हणूनच 'पॅशन' म्हणतात, आणि दवाखान्यातला 'पेशंट' याच कुळातला. ज्या गोष्टीसाठी काही सोसलं असेल, तिच्याबद्दल 'पॅशनेट' म्हणावं. एरवी 'इंटरेस्टेड' पुरतो.

राहिला 'होलहार्टेड'. गंमत अशी, की इंग्रजीत 'हाफहार्टेड', म्हणजे अर्ध्या मनाचा, हा शब्द सतराव्या शतकात रूढ झाला, आणि 'होलहार्टेड' छापील इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात दिसू लागला. अर्धवट मनाला आधी नाव मिळालं, पुऱ्या मनाला दोनेकशे वर्षांनी. हा शब्द माणसाच्या स्वभावाला लावण्यापेक्षा त्याच्या प्रतिसादाला लावतात. पाठिंबा, संमती, स्वागत, प्रयत्न हे 'होलहार्टेड' असतात. 'आय अ‍ॅम अ होलहार्टेड स्टुडंट' हे व्याकरणात बसतं, कानाला बसत नाही.

जाता जाता एक व्याकरणाची खूण. 'डिव्होटेड', 'डेडिकेटेड' आणि 'कमिटेड' या तिघांपुढे 'टु' येतो, आणि त्या 'टु'पुढे नाम किंवा 'इंग' लागलेलं रूप येतं. 'डेडिकेटेड टु टीचिंग' लिहा. 'डेडिकेटेड टु टीच' टाळा. आपल्याकडच्या अर्जांत ही चूक पावलोपावली दिसते.

प्रश्न: क्रिकेटच्या किंवा सिनेमाच्या वेडाबद्दल आपण सर्रास 'डायहार्ड फॅन' म्हणतो. या शब्दांत मरणं कुठून आलं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: 'डायहार्ड'ला प्रसिद्धी मिळाली ती एका रणभूमीवर. १६ मे १८११ रोजी स्पेनमधल्या अल्बुएरा इथे नेपोलियनच्या फौजेशी लढाई झाली. ब्रिटिशांच्या ५७ व्या पायदळ पलटणीचा कर्नल विल्यम इंग्लिस जबर जखमी झाला होता. मागे न जाता तिथेच पडून तो शिपायांना 'डाय हार्ड' असं बजावत राहिला, असं सांगितलं जातं. म्हणजे मरायचंच असेल तर शत्रूला स्वस्तात मिळू नका. पलटणीची माणसं फार पडली आणि तिला 'डायहार्ड्स' हे टोपणनाव चिकटलं.

पुढे १९११ मध्ये ब्रिटनच्या उमराव सभेचे अधिकार कापणारं विधेयक आलं. त्याला अखेरपर्यंत विरोध करणाऱ्या उमरावांना लोक 'डायहार्ड' म्हणू लागले. तेव्हापासून या शब्दाला हट्टीपणाचीही एक झाक आली. कौतुक आणि टोमणा दोन्ही त्यात मावतात, अगदी आपल्या 'कट्टर'सारखे.

'फॅन' हा 'फनॅटिक'चा तुकडा, असं बहुतेक कोशकार मानतात. लॅटिनमध्ये 'फानुम' म्हणजे मंदिर. मंदिरात अंगात येऊन भान हरपलेला तो 'फनॅटिक'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्यांना 'फॅन' म्हणायला सुरुवात झाली. थोडक्यात, वानखेडेवर अंगाला रंग फासून ओरडणारा पोरगा शब्दाच्या मूळ अर्थाला चांगलाच जागतो.

या घरातले आणखी काही शब्द ओळखून ठेवावेत. 'एन्थुझिअ‍ॅझम' ग्रीकमधून आला. अर्थ, अंगात देव संचारणं. आज तो कौतुकाचा शब्द आहे, पण अठराव्या शतकाच्या इंग्लंडात ती चक्क शिवी होती. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात त्याचा पहिला अर्थ, देव आपल्याशी खासगीत बोलतो असा पोकळ समज, या धर्तीचा आहे. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट पंथीयांना विरोधक हेच विशेषण लावून हिणवत. 'झील' आणि 'जेलस' हे एकाच ग्रीक शब्दाचे दोन वंशज, म्हणून 'झेलस' कार्यकर्ता चांगला, 'ओव्हरझेलस' झाला की डोकेदुखी. 'फर्व्हंट'मध्ये उकळणं आहे, 'आर्डंट'मध्ये जळणं. हे दोन्ही शब्द प्रार्थना, प्रेम आणि देशभक्ती यांच्या आसपास शोभतात. कार्यालयीन पत्रात लिहिले, तर साहेब पत्र दोनदा वाचतील आणि नंतर तुमच्याकडे पाहतील.

प्रश्न: माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'सिन्सिअर स्टुडंट' असा शेरा होता. परदेशी सहकाऱ्याला तो दाखवला तेव्हा तो गोंधळला. का?
(एक वाचक, पुणे, सध्या मुक्काम जर्मनी)

उत्तर: कारण हा शब्द भारतात वेगळ्या वाटेनं गेला आहे. आपल्याकडे 'सिन्सिअर' म्हणजे नेमानं अभ्यास करणारा, वह्या पूर्ण ठेवणारा, मन लावून काम करणारा. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत 'सिन्सिअर' म्हणजे ढोंग नसलेला, ओठात एक आणि पोटात एक नसलेला. तुमच्या सहकाऱ्याला वाटलं असेल, बाकीची मुलं काय खोटारडी होती की काय!

आपला अर्थ चुकीचा नाही. एवढे लोक तो वापरतात, म्हणजे तो भारतीय इंग्रजीचा अर्थ झाला. पण बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना 'डिलिजंट', 'कॉन्शन्शस' किंवा सरळ 'हार्डवर्किंग' लिहावं.

या शब्दाबद्दल एक लोकप्रिय कहाणी सांगतात. रोममधले लबाड मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणानं बुजवत. ज्या मूर्तीत मेण नाही ती 'सिने सेरा', म्हणजे मेणाविना, आणि त्यावरून 'सिन्सिअर'. भाषणात टाळ्या घेणारी गोष्ट आहे, पण व्युत्पत्तीचे कोश ती स्वीकारत नाहीत. लॅटिन 'सिन्केरुस' म्हणजे स्वच्छ, शुद्ध, भेसळ नसलेला. बस्स, तेवढंच.

पत्राच्या शेवटचा नियमही याच ओघात सांगतो. ब्रिटिश शिरस्त्यानुसार सुरुवात नाव न घेता 'डिअर सर' अशी असेल, तर शेवटी 'युअर्स फेथफुली'. नाव घेऊन सुरुवात केली असेल, तर 'युअर्स सिन्सिअरली'. अमेरिकेत 'फेथफुली' जवळजवळ कोणी लिहीत नाही.

प्रश्न: 'अटर', 'शिअर', 'टोटल', 'कम्प्लीट', 'थरो', 'अ‍ॅब्सोल्यूट' या सगळ्यांचा अर्थ कोशात 'पूर्ण' किंवा 'निव्वळ' असा दिला आहे. मग एकाच्या जागी दुसरा का चालत नाही?
(स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक, लातूर)

उत्तर: कारण प्रत्येकाची सोबत ठरलेली आहे. मराठीत 'निव्वळ मूर्खपणा' म्हणतो आणि 'निखळ आनंद' म्हणतो. उलट केलं तर मराठी माणूस लगेच अडखळतो. इंग्रजीतही हेच आहे. अर्थ पाठ करण्यापेक्षा सोबती पाठ करावेत.

'अटर' म्हणजे मुळात 'आऊटर', बाहेरचा, टोकाचा. तो बहुतेक वेळा वाईट गोष्टींच्या मागे लागतो. 'अटर नॉन्सेन्स', 'अटर फेल्युअर', 'अटर केऑस'. अमूलच्या लोण्याच्या जाहिरातीनं 'अटरली' आपल्या कानाला गोड केला आहे खरा, पण जाहिरातीची मजाच त्या खोडीत आहे. परीक्षेत 'अटर सक्सेस' लिहू नका.

'शिअर'चा मूळ अर्थ चकचकीत, स्वच्छ. आज त्याचा रोख 'दुसरं काही नाही, फक्त हेच' असा आहे. 'शिअर लक' म्हणजे निव्वळ नशीब, 'शिअर हार्ड वर्क' म्हणजे केवळ कष्टाच्या जोरावर. चांगलं आणि वाईट दोन्हीकडे तो चालतो. आरपार दिसणाऱ्या झिरझिरीत साडीला 'शिअर' म्हणतात आणि सरळसोट तुटलेल्या कड्यालाही.

'स्टार्क'चं एक उदाहरण मजेदार आहे. 'स्टार्क नेकेड', म्हणजे अंगावर सूत नसलेला, हे मुळात 'स्टार्ट नेकेड' होतं, आणि 'स्टार्ट' म्हणजे शेपूट, अर्थात पार्श्वभाग. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या 'रेडस्टार्ट' या पक्ष्याच्या नावात तेच शेपूट शिल्लक आहे. त्याची शेपटी तांबूस असते. लोकांना 'स्टार्ट'चा अर्थ कळेनासा झाला, तेव्हा त्यांनी तिथे ओळखीचा 'स्टार्क' बसवला.

'थरो' आणि 'थ्रू' हे एकेकाळी एकच शब्द होते. आरपार गेलेलं ते 'थरो'. म्हणून तपासणी, साफसफाई, अभ्यास, चौकशी 'थरो' असते. माणसाला 'थरो' म्हटलं, तर तो कामात कुठलाही कोपरा सोडत नाही असा अर्थ होतो. शिफारसपत्रात मिळाला तर खूश व्हा. 'पॅशनेट'पेक्षा याची किंमत जास्त.

'एन्टायर' लॅटिनमधल्या 'इंटेगेर'पासून फ्रेंचमार्गे आला. अर्थ, ज्याला कोणी हात लावलेला नाही असं अखंड. गणितातला 'इंटिजर', म्हणजे आपला पूर्णांक, हा त्याचा सख्खा भाऊ, आणि 'इंटिग्रिटी' ही बहीण. 'अ‍ॅब्सोल्यूट' म्हणजे सगळ्या बंधनांतून सुटलेला. म्हणून शास्त्रात उणे २७३.१५ अंश सेल्सिअस हे 'अ‍ॅब्सोल्यूट झिरो', निरपेक्ष शून्य. 'टोटल', 'कम्प्लीट' आणि 'परफेक्ट' हे तिघे मात्र 'स्ट्रेंजर'च्या आधी खुशाल एकमेकांची जागा घेतात. तिन्हीकडे अर्थ, अगदीच अनोळखी माणूस.

एका शब्दापासून सांभाळून. 'क्वाइट राइट' म्हणजे पूर्णपणे बरोबर, पण ब्रिटिश माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला, तर बहुधा 'बरं आहे' एवढंच. अमेरिकन माणूस तेच कौतुकानं म्हणत असतो. शिक्षकांचा एक आवडता नियमही जपून वापरावा, की पूर्णाला तरतम नसतं, म्हणून 'मोअर परफेक्ट' चूक. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत नेमकं हेच रूप आहे, आणि कोणी ते दुरुस्त केलेलं नाही.

प्रश्न: 'फुल' आणि 'पूर्ण' यांचं काही नातं आहे का, की उगाच वाटतं?
(एक निवृत्त शिक्षक, मडगाव)

उत्तर: उगाच नाही, सख्खं नातं आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात हे मांडलं. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी त्यातले ध्वनिबदल नियमात बसवले. हे ग्रिम म्हणजे परीकथा जमवणाऱ्या दोघा भावांपैकीच एक. त्या नियमानुसार संस्कृतचा 'प' इंग्रजीत 'फ' होतो. पितृ आणि 'फादर', पाद आणि 'फूट', तसेच पूर्ण आणि 'फुल'. लॅटिनमधला 'प्लेनुस'ही त्यांचाच भाऊ. 'प्लेंटी' त्याच घरातला.

'सर्व' या शब्दाचं गोत्र आणखी लांब पसरलं आहे. ग्रीक 'होलोस', म्हणजे अवघा, आणि लॅटिन 'सॅल्वुस', म्हणजे धडधाकट, हे दोघे 'सर्व'चे नातलग. 'होलोस'वरून 'होलोकॉस्ट' झाला, ज्याचा मूळ अर्थ पूर्ण जाळून दिलेला बळी, आणि 'सॅल्वुस'वरून 'सेफ', 'सेव्ह' आणि 'सॅल्यूट'. इथे एक फसगत टाळा. इंग्रजी 'होल', म्हणजे संपूर्ण, हा ग्रीक 'होलोस'वरून आलेला नाही. तो अस्सल इंग्रजी शब्द आहे. त्याच्या सुरुवातीचं न उच्चारलं जाणारं अक्षर पंधराव्या शतकाच्या सुमारास लिपीत घुसलं. त्याचे खरे भाऊबंद 'हेल्थ', 'हील' आणि पवित्र या अर्थाचा 'होली'. अखंड असणं, निरोगी असणं आणि पवित्र असणं इंग्रजीच्या पूर्वजांनी एकाच मुळाशी बांधलं.

आणि शेवटचं नातं ऐकून ठेवा. आपली 'श्रद्धा' आणि लॅटिनमधलं 'क्रेडो' एकाच मुळाचे; मूळ कल्पना, एखाद्या ठिकाणी हृदय ठेवणं. 'क्रेडो'वरून 'क्रीड' आला, 'क्रेडिट'ही आला. बँकेचं क्रेडिट कार्ड श्रद्धेच्या कुळातलं आहे. हप्ता चुकला की ते लक्षात येतं.

प्रश्न: 'द होल नाइन यार्ड्स' हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी साडीवरून आला, असं एका कार्यक्रमात ऐकलं. खरं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, पण खरी नाही. अर्थ 'अथपासून इतिपर्यंत सगळं' असा आहे आणि नऊवारी साडी नऊ वारांची, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, हे दोन्ही बरोबर. जुळणी मात्र योगायोगाची.

छापील पुरावे अमेरिकेतले आहेत. इंडियाना राज्यातल्या एका गावच्या वर्तमानपत्रात १९०७ मध्ये 'फुल नाइन यार्ड्स' सापडतं. १९१२ मध्ये केंटकीतल्या पत्रात 'होल सिक्स यार्ड्स' आहे, आणि १९२१ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका मथळ्यातही सहाच वार. कुठे सहा, कुठे नऊ, म्हणजे आकड्यामागे एखादी ठरावीक वस्तू मोजलेली नव्हती. आकडा नुसता जोरासाठी होता. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या बंदुकांचा काडतुसांचा पट्टा नऊ वार लांब असे, ही दुसरी लाडकी कथाही याच तारखांपुढे टिकत नाही. १९०७ मध्ये तसली लढाऊ विमानंच नव्हती.

ज्यांची जन्मकथा पक्की आहे असे वाक्प्रचार पाहा. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे बंदुकीची ठिणगी पाडणारी कळ, लाकडी दस्ता आणि नळी. तीन भाग मिळून पुरी बंदूक. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१७ च्या एका पत्रात हे तिन्ही शब्द थोड्या वेगळ्या क्रमानं आले आहेत. घर, दुकान, धंदा सगळ्या सामानासुमानासकट विकला, तर हा वाक्प्रचार वापरा. 'रूट अँड ब्रँच' म्हणजे मुळापासून फांदीपर्यंत. १६४० च्या डिसेंबरात लंडनकरांनी बिशपांची सत्ता समूळ उखडावी म्हणून पार्लमेंटला अर्ज दिला. त्यावर सुमारे १५ हजार सह्या होत्या आणि इतिहासात तो 'रूट अँड ब्रँच पिटिशन' म्हणूनच ओळखला जातो. आपला 'आमूलाग्र' हुबेहूब याच घडणीचा आहे, मुळापासून अग्रापर्यंत. 'डाइड इन द वूल' म्हणजे सूत कातण्याआधी लोकरीलाच रंग दिलेला, जो विटत नाही. पक्षनिष्ठ माणसाला हे लावतात.

'हुक, लाइन अँड सिंकर' मात्र निष्ठेसाठी वापरू नका. गळ, दोरी आणि शिशाचा गोळा असं सगळं गिळणारा मासा त्यात आहे. 'मी कंपनीच्या धोरणावर हुक, लाइन अँड सिंकर विश्वास ठेवतो' असं लिहिलंत, तर आपण साफ फसलो आहोत याची लेखी कबुली दिलीत.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या हिशेबावर लेखापरीक्षकानं 'अनक्वालिफाइड' मत दिलं, म्हणून सभेत गोंधळ झाला. हे वाईट का?
(एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे)

उत्तर: वाईट नाही, उत्तम आहे. पेढे वाटा. 'क्वालिफाय' म्हणजे जसं पात्र ठरणं, तसंच अट घालून मर्यादित करणं. 'अनक्वालिफाइड' मत म्हणजे 'पण', 'परंतु' न लावता दिलेला निर्वाळा. हिशेबात खोट असती, तर परीक्षकानं 'क्वालिफाइड' मत दिलं असतं. 'अनक्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे बिनशर्त पाठिंबा, 'अनक्वालिफाइड सक्सेस' म्हणजे निर्विवाद यश. 'अनक्वालिफाइड डॉक्टर' मात्र भोंदू. पुढचं नाम पाहिल्याशिवाय घाबरायचंही नाही आणि आनंदायचंही नाही.

'अनरिझर्व्हड'चंही तसंच. रेल्वेचा डबा 'अनरिझर्व्हड' असेल, तर धक्काबुक्की. माफी 'अनरिझर्व्हड' असेल, तर ती आडपडदा न ठेवता मागितलेली. न्यायालयात आपण ज्याला बिनशर्त माफी म्हणतो, ती बहुधा 'अनकंडिशनल' असते. ही नकारी रूपं इंग्रजीत पूर्णतेचं मोठं काम करतात. हात आखडता न घेता केलेलं कौतुक 'अनस्टिंटिंग', न डगमगणारी निष्ठा 'अनस्वर्व्हिंग'. काय शिल्लक ठेवलं नाही ते सांगून सगळं दिल्याचं सांगायचं, ही ती रीत.

प्रश्न: एवढं सगळं वाचून आता लिहायला बसलं की हात थबकतो. एकच सल्ला द्यायचा तर काय द्याल?
(पहिल्या प्रश्नातल्या मुलीनं आईच्या पत्राखाली लिहिलेली ओळ)

उत्तर: एका वाक्यात एकच असा शब्द, आणि त्याच्या पाठीशी एक काम. तू लिहिलंस, 'आय अ‍ॅम डीपली पॅशनेट अँड टोटली डिव्होटेड टु पब्लिक हेल्थ'. यातलं प्रत्येक विशेषण पुढच्याची हवा काढतं. त्याऐवजी आधी कुठल्या केंद्रात, किती काळ, काय केलंस ते साध्या वाक्यांत लिही, आणि शेवटी 'कमिटेड टु' एकदाच, पुढे नेमका विषय. निवड समितीचे लोक दिवसभरात असे कितीतरी अर्ज वाचतात. विशेषणं सगळ्यांची सारखीच असतात, केलेली कामं वेगळी असतात.

शब्द निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचार. हे माणसाबद्दल आहे की कामाबद्दल? मी भावना सांगते आहे की वचन देते आहे? आणि हा शब्द या नामाशेजारी मी आधी कुठे छापलेला पाहिला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर तो शब्द काढून टाक. परिच्छेदातले पाचपैकी चार शब्द आजच खोड आणि मगच अर्ज पाठव.